बेलाशेजारची जागा

उदगीरला देगलूर रस्त्याच्या आतल्या गल्लीत गंगम्माची पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असली की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून गंगम्मा ओरडून बोलते. आणि गिरणी बंद असली तरी ओरडूनच बोलते, कारण हळू बोलायची सवयच मोडली आहे. तिला गुपित सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. तरी गल्लीतल्या बायका आपली दुखणी तिलाच सांगतात. ज्वारी दळता दळता ती सगळं ऐकून घेते, शेवटी एकच वाक्य बोलते, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. दुसऱ्याच्या बाबतीत. स्वतःच्या बाबतीत तिची अक्कल कुठं गहाण पडली होती, त्याची ही हकीकत आहे.

ती मूळची कर्नाटकातल्या भालकीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या तोंडात कानडी जास्त आणि मराठी कमी. सासू अंथरुणाला खिळलेली, आणि धाकटा दीर शिवप्रसाद शाळेत जाणारा, नाक ओढत हिंडणारा. त्याला न्हाऊमाखू घालणं, त्याच्या दप्तरात भाकरी बांधून देणं हे नव्या नवरीच्या वाट्याला आलं. पहिल्या वर्षी तो एकदा चुकून तिला ‘अव्वा’ म्हणाला, म्हणजे आई. घरचे हसले, तो लाजला आणि मग ‘वैनी’ म्हणू लागला. गंगम्माच्या मनात मात्र ती पहिली हाकच राहून गेली. असल्या हाका मनात ठेवणाऱ्या माणसाचं पुढं कठीण होतं.

नवरा पंचाक्षरी गरीब स्वभावाचा. सासरे गेल्यावर भावाभावांत वाटणी झाली: थोरल्याला गिरणी आणि राहतं घर, धाकट्याला गावाबाहेरचं शेत. शेताच्या पूर्वेच्या बांधाला घराण्याच्या समाध्या होत्या; तो तुकडा आणि तिथवर जायची वाट तेवढी दोघांची, असं ठरलं. तोंडी ठरलं. या घरात सगळं तोंडीच ठरायचं. सातबाऱ्यावर नाव शिवप्रसादचं लागलं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पंचाक्षरी गेला तेव्हा त्यालाही तिथंच नेलं. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात, विभूती आणि बेल वाहतात आणि मग माती लोटतात. ते लिंग तळहातावर ठेवायचं काम मुलाचं, म्हणून आनंदराजनं ते ठेवलं. खड्डा खणणाऱ्यांना गंगम्मानं आधीच बजावलं होतं, “जरा डावीकडं सरकून खणा. उजवीकडं माझी जागा ऱ्हाऊ द्या.” त्या दुःखातही ती हे ओरडून बोलली, आणि सगळ्या गावानं ऐकलं. महिन्याभरानं तिनं दोन्ही जागांच्या मधोमध बेलाचं रोप लावलं. दर सोमवारी ती कळशीभर पाणी घेऊन जायची. झाड तिच्या उंचीचं झालं, मग तिच्याहून उंच झालं.

मग उदगीर वाढलं. रस्ता रुंद झाला, शेताच्या दोन्ही बाजूंनी प्लॉट पडले, आणि शिवप्रसादला कुणीतरी सांगितलं की मधे समाध्या असल्या की गिऱ्हाईक फिरकत नाही. तो आधी गोडीत बोलला, मग वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या. गंगम्मा सोमवारी कळशी घेऊन गेली आणि पायात काटे भरून आली. तेव्हा तिनं जे कधी केलं नव्हतं ते केलं. कोर्टाची पायरी चढली.

तिचे वकील रेणुकादास. उदगीरच्या जुन्या वकिलांपैकी एक, सावकाश बोलणारे, पण कागदाला पक्के. त्यांनी दावा लावला: समाधीचा तुकडा आणि वाट दोघांची आहे असं ठरवून द्या, आणि तोवर तिथं कुणी हात लावू नये असा मनाईहुकूम द्या. मनाईहुकूम मिळाला. काटे निघाले. दावा मात्र तारखांवर तारखा खात बसला, आणि तीन वर्षांनी एकदाची गंगम्माच्या साक्षीची तारीख लागली. मंगळवार. आदल्या दिवशी श्रावणी सोमवार होता.

त्या सोमवारी संध्याकाळी गिरणी बंद होती. गंगम्माचा उपवास, लिंगपूजा नुकतीच आटोपलेली. आनंदराज लातूरहून आला होता. तो तिथं एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. पोरं त्याला ‘राज सर’ म्हणतात. मायलेक बोलत बसले असताना शिवप्रसाद दारात आला. हातात रुमाल, रुमालात बेल. त्याच झाडाचा.

“वैनी,” तो खाली बसत म्हणाला, “उद्या तुमी पिंजऱ्यात उभ्या ऱ्हाणार. माझा वकील तुम्हाला आडवंतिडवं इचारणार. दादा असता तर काय म्हणला असता?”

गंगम्मानं पाण्याचा तांब्या पुढं केला. तीन वर्षांत तो तिच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदा आला होता.

“उद्या तुमी येऊच नका. मी साहेबाला सांगतो, घरातल्या घरात मिटलं म्हणून. श्रावण सरला की मठात बसू. अय्यांच्या म्होरं तुकडा मोजून देतो, वाट बी देतो. दादाची जागा, तुमची जागा, समदं.” त्यानं तीन पानांचा एक बेल उचलला आणि तिच्या गळ्यातल्या लिंगाखाली तळहातावर धरला. “ह्या बेलाच्यानं सांगून राहिलो. खोटं निघालं तर माझं वाटोळं...”

गंगम्मानं चटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. “असलं बोलू न्हाई सणासुदीचं,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ज्याला न्हाऊ घातलं त्याचं वाटोळं तिला शपथेतसुद्धा ऐकवेना. आनंदराज समोर बसून सगळं बघत होता. तो म्हणाला, “बरं झालं काका.” तिनं दोघांना साबुदाण्याची खिचडी वाढली.

मग तिनं वकिलांना फोन केला. रेणुकादास म्हणाले, “चांगली गोष्ट आहे. पण त्याला म्हणावं लिहून दे. दोघांच्या सहीनं कोर्टात देऊ, मग बेल उचला नाहीतर झाड उचला.”

“वकीलसाहेब, बेल उचललाय त्यानं. आता वर कागुद मागितला तर बेलाला काय किंमत ऱ्हायली? तुमी बी येऊ नका उद्या.”

तिची चूक झाली ती इथं. तुम्ही-आम्ही शहरातली शिकलेली माणसं हसू. पण ज्या घरात वाटणी तोंडी होते आणि समाधीची जागा तोंडी राखली जाते, तिथं बेलावर कागद मागणं म्हणजे समोरच्याच्या तोंडात मारल्यासारखं असतं. गंगम्मानं आपल्या दिराच्या तोंडात मारलं नाही. रेणुकादासांचं दुसऱ्या दिवशी लातूरला एक काम होतंच; अशिलाचा स्वतःचा निरोप आहे म्हटल्यावर तेही तिकडं गेले.

मंगळवारी कोर्टात पुकारा झाला. शिपायानं व्हरांड्यात येऊन गंगम्माचं नाव तीनदा घेतलं. शिवप्रसाद तिथंच उभा होता, वेळेवर आलेला, इस्त्रीचे कपडे घातलेला. त्याच्या वकिलानं सांगितलं की वादी हजर नाही, वादीचे वकील हजर नाहीत, आम्ही मात्र हजर आहोत. कोर्टानं दुपारपर्यंत वाट पाहिली, पुन्हा पुकारा केला आणि मग दावा गैरहजेरीत काढून टाकला. कोर्टाचं काही चुकलं नाही. समोर माणूस नाही तर ते तरी काय करील? पण शिवप्रसाद दोन्ही वेळा तिथं होता आणि त्यानं तोंड उघडलं नाही. ‘घरात मिटलं’ एवढे दोनच शब्द त्याला बोलायचे होते. त्या वेळी गंगम्मा गिरणीवर पारूबाईची बाजरी दळत होती, आणि फार दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

पुढचे काही महिने शिवप्रसादनं जे केलं ते बघून सरड्यानंही मान खाली घालावी. श्रावण सरला तेव्हा मठाचे स्वामी अय्या कर्नाटकात दौऱ्यावर होते. मग गणपती. मग पितृपंधरवडा, त्यात शुभकार्य कसं करायचं? मग दसरा, मग सोयाबीनची रास. दर वेळी तो स्वतः येऊन सांगायचा, पाणी प्यायचा, ‘वैनी, तब्येत जपा’ म्हणायचा. गंगम्मानं दिवाळीला त्याच्या घरी करंज्या पाठवल्या. सगळं गोड चाललं होतं. केसानं गळा कापतात म्हणतात तो असाच कापतात, कापणारा विचारत असतो दुखत नाही ना म्हणून.

दिवाळी झाल्यावर पारूबाई दळण घेऊन आली. तिच्या शेळ्या त्या शेताच्या बाजूला चरतात. ती गिरणीच्या आवाजावर ओरडली, “अक्का, तुमच्या समाधीपाशी चुन्याची फक्की मारून राहिलेत की! समदं शेत आखलंय!”

गंगम्मानं पट्टा उतरवला. गिरणी घरघरत थांबली. ती तशीच निघाली, केसांत पीठ, हातात किल्ल्या.

वाटेच्या तोंडाशी तारेचं कुंपण आणि लोखंडी फाटक उभं होतं. फाटकात एक अनोळखी माणूस खुर्ची टाकून बसला होता. “कोण पायजे?” त्यानं विचारलं.

“माझा नवरा,” गंगम्मा म्हणाली. “आत हाय.”

तो माणूस गडबडला. मग त्याला उमगलं असावं. “मावशी, आत सोडायचं न्हाई म्हणलेत मालक. केस निकाली निघाली की तुमची. श्रावणातच.”

गंगम्मा कुंपणाला धरून उभी राहिली. तिथून बेलाचा शेंडा दिसत होता, त्याच्या खालून पांढऱ्या रेघा गेलेल्या दिसत होत्या, आणि पलीकडं एक जेसीबी झोपलेल्या म्हशीसारखा पडला होता. श्रावणातच. म्हणजे तो पाणी प्यायला येत होता तेव्हाही, आणि करंज्या खात होता तेव्हाही. तिला रडू आलं नाही. तिला लाज वाटली. फसलेल्या माणसालाच लाज वाटते, ही कुठली तऱ्हा आहे देव जाणे.

रेणुकादासांनी मोबाईलवर दाव्याचा नंबर टाकून बघितला आणि चष्मा काढून ठेवला. “मी चौकशी करायला हवी होती,” ते म्हणाले. “मिटलं या समजुतीत राहिलो.”

“आता नवा दावा लावा.”

“तेच तर येत नाही करता. याच कारणावर नवा दावा लागत नाही. हरलो असतो तर वरच्या कोर्टात गेलो असतो. पण हा दावा हरलेला नाही गंगम्मा, गैरहजेरीत गेलेला आहे. त्याला एकच दार. त्याच कोर्टात जायचं आणि म्हणायचं, साहेब, मी आले नाही त्याला कारण होतं. कारण पटलं तर कोर्टाला अधिकार आहे, दावा होता तिथून पुन्हा उठवायचा. दावा उठला की मनाईहुकूम पण उठतो. त्याला महिन्याची मुदत असते, ती आपली गेली. म्हणजे उशीर का झाला तेही पटवायचं.”

“आन् न्हाई पटलं तर?”

रेणुकादासांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “तर तुमच्यानंतर तुम्हाला कुठं न्यायचं, ते पोरांनी बघायचं.”

अर्ज पडला. त्यात तिनं खरं तेच लिहायला लावलं: दिरानं बेल उचलून येऊ नका म्हणून सांगितलं, म्हणून मी आले नाही. अर्जाचा निकाल लागेतो जागा आहे तशी राहू द्या, असा हुकूम कोर्टानं दिला. पुढचा पावसाळा आला तरी जेसीबी तिथंच वाढल्या गवतात उभा राहिला. पण शिवप्रसादनं लेखी उत्तरात बेल साफ नाकारला. मग रेणुकादास म्हणाले, साक्षीदार पाहिजे. तिथं आणखी कोण होतं?

कोण होतं म्हणजे! गंगम्मानं लगेच लातूरची एसटी पकडली.

लातूरला ज्या भागात क्लास आहेत तिथं भिंतीभिंतीवर पोरांचे फोटो, कुणाला किती मार्क पडले त्याचे. एका मोठ्या फलकावर आनंदराजचाही फोटो होता, हाताची घडी घातलेला. गंगम्मा खाली उभी राहून बघत बसली. दोन पोरं जात होती, त्यांना तिनं सांगितलं, “हा माझा ल्योक हाय.” सगळा रस्ता वळून बघू लागला.

घरी तिनं सगळं सांगितलं. आनंदराज बोटातली अंगठी फिरवत ऐकत होता. “अव्वा, बेलाचं कशाला काढायचं? कोर्टात असलं चालत न्हाई. मी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून देतो. त्या दिवशी ताप होता म्हण. समदे तेच करतात.”

“ताप कुठं होता? दिवसभर गिरणी चालवली मी. गल्लीनं बघितलं.”

“गल्ली काय कोर्टात येऊन राहिली का?”

“तू ये की. जे बघितलं ते सांग. त्याच्यावर एक शब्द जादा नको, एक कमी नको.”

त्यानं अंगठी पुन्हा एकदा फिरवली. मग म्हणाला, “बघतो, अव्वा.” बसस्टँडपर्यंत सोडायला आला, खिडकीतून केळी दिली, ‘पोचलीस की फोन कर’ म्हणाला. गंगम्मा गाडीत शेजारणीला सांगत होती की पोरगं लाखात एक आहे. निम्म्या गाडीनं ऐकलं.

सुनावणीच्या दिवशी मुदखेडहून तिची मुलगी शिवकन्या आली होती. दोघी कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्या. आनंदराज आला, आणि शिवप्रसादच्या शेजारी जाऊन उभा राहिला. गंगम्माला वाटलं, चुकून तिकडं उभा राहिला असेल, गर्दी आहे. तिनं हात हलवला. त्यानं बघितलं आणि मान फिरवली.

रेणुकादास हातात कागद घेऊन आले. “गंगम्मा, आनंदराजनं प्रतिज्ञापत्र दिलंय. त्या बाजूनं.”

“काय म्हणतंय?”

“त्या संध्याकाळी कसलाही बेल उचलला गेला नाही. आईला दाव्यात गोडी उरली नव्हती, म्हणून ती स्वतःच्या मर्जीनं गेली नाही.”

शिवकन्या उठून भावाकडं निघाली होती, गंगम्मानं तिचा पदर धरून खाली बसवलं. दिरानं फसवलं तेव्हा तिला लाज वाटली होती. आता कसलंच काही वाटेना.

आधी तिची साक्ष झाली. न्यायाधीश तरुण बाई होत्या. शिवप्रसादच्या वकिलानं विचारलं, “बेल उचलला की तारखेला यायचं नाही, असं कुठं लिहिलंय का?”

“न्हाई लिवलेलं!” गंगम्माचा आवाज कोर्टाच्या बाहेर गेला. “म्हणून तर फसले.”

“आजी, हळू बोला. ऐकू येतंय मला,” न्यायाधीश म्हणाल्या. पण त्या रागावल्या नव्हत्या.

मग आनंदराज पिंजऱ्यात उभा राहिला. ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणाला. रेणुकादास नेहमीप्रमाणं सावकाश उठले.

“गावात बोललं जातंय की तुमच्या काकांनी तुम्हाला या शेतात एक प्लॉट देऊ केलाय. खरं आहे?”

समोरचा वकील हरकत घेत उठला. न्यायाधीशांनी त्याला बसवलं आणि उत्तर द्यायला सांगितलं.

“हो. क्लास काढायचा विचार आहे.”

“कुठला प्लॉट?”

“पूर्वेच्या बांधाचा. कोपऱ्याचा.”

“तिथं एक बेलाचं झाड आहे. झाडाच्या कुठल्या अंगाला?”

आनंदराजनं ओठ ओले केले. “उजव्या.”

शिवकन्येला आधी कळलं नाही. मग तिनं आईकडं बघितलं आणि तिला कळलं. डाव्या अंगाला पंचाक्षरी होता. तेवढी जागा समाधी म्हणून मोकळी सोडून रेघ आखली होती. शिवप्रसाद दादाला तेवढा मान द्यायला विसरला नव्हता. उजवीकडची रिकामी होती. गंगम्मानं साऱ्या गावासमोर ओरडून राखून ठेवलेली, आणि त्या दिवशी खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या लेकानं स्वतःच्या कानांनी ऐकलेली. शेतात एवढे प्लॉट पडले होते. पोराच्या वाट्याला आईची जागा आली, आणि त्यानं ती घेतली.

“आता शेवटचं,” रेणुकादास म्हणाले. “श्रावणी सोमवारी संध्याकाळी शिवप्रसादनं तुमच्यासमोर बेल उचलला होता की नाही? कागदावर काय आहे ते विचारत नाही. तोंडानं सांगा.”

आनंदराजचा उजवा हात आपोआप वर गेला आणि शर्टाच्या आत गळ्यात लिंग असतं तिथं थांबला. त्याला ते कळलंसुद्धा नसावं. कागदावर खोटी सही करणं निराळं आणि छातीवर लिंग असताना तोंडानं बेल नाकारणं निराळं. त्या घरात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. तो गप्प राहिला. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा वाचून दाखवला. तो गप्पच. शिवप्रसाद खाली बसलेला, त्याच्याकडं टक लावून बघत होता. आनंदराजनं मान खाली घातली.

“साक्षीदार निरुत्तर, असं घ्या,” न्यायाधीश टंकलेखकाला म्हणाल्या.

निकाल पुढच्या तारखेला लागला. प्रतिवादीच्या स्वतःच्या साक्षीदारालाच बेल नाकारता आला नाही; घरच्या माणसाच्या शपथेवर विसंबून वादी हजर राहिली नाही आणि त्याच भरवशावर थांबली, याला हयगय म्हणता येणार नाही; उशीर माफ, आणि दावा मूळ नंबरावर पुन्हा घेण्यात येत आहे. मनाईहुकूम पूर्वीसारखा लागू. झालेल्या खोळंब्याबद्दल वादीनं प्रतिवादीला थोडा खर्च द्यावा. शेवटचं ऐकून शिवकन्या भडकली, पण रेणुकादास म्हणाले, तशी रीतच आहे. बेल उचलणाऱ्याला गंगम्मानं कोर्टामार्फत चहापाणी केलं, असं म्हणायचं.

व्हरांड्यात सगळे तिला ‘जिंकलात’ म्हणत होते. ती चपला शोधत होती. आनंदराज गर्दीतून वाट काढत जवळ आला.

“अव्वा, शेवटी खोटं न्हाई बोललो मी. माझ्यामुळंच उठला दावा.”

गंगम्मानं त्याच्याकडं बघितलं. मग ती इतक्या हळू बोलली की शेजारी उभ्या असलेल्या शिवकन्येलासुद्धा पुढं वाकावं लागलं. असा आवाज मुलीनं जन्मात ऐकला नव्हता.

“बेलाला भ्यालास तू, लेकरा. माझ्यापायी गप न्हाई राहिलास. उद्या बेल नसता, निसती मीच असते, तर?”

आनंदराज गर्दीत मागं सरकला. या वेळी ‘निरुत्तर’ असं कुणी लिहून घेतलं नाही.

सोमवारी फाटक उघडं होतं. गंगम्मा कळशी घेऊन आत गेली, मागून शिवकन्या. बेलाची उजवीकडची फांदी यंत्राला अडते म्हणून तोडलेली होती. फक्कीची रेघ पावसानं पुसट झाली होती, पण दिसत होती. गंगम्मानं झाडाला पाणी घातलं, नवऱ्याच्या समाधीवर घातलं, आणि उरलेलं रेघेवर ओतून पायानं माती सारखी केली. मग ती झाडाच्या उजव्या अंगाला मांडी घालून बसली, गुडघे दुखत होते तरी, आणि डावा तळहात उघडा करून मांडीवर ठेवला.

“इथं बघ,” ती मुलीला म्हणाली. “तोंड उगवतीला. लई डावीकडं सरकवू नका, तुझ्या अप्पाला अडचण व्हईल. लिंग तू ठेव हातावर.”

शिवकन्या रडायला लागली. “अव्वा, ते दादाचं काम असतं.”

“तू ठेव म्हणले ना.”

“आन् दादा आला तर?”

गंगम्मा पदर सावरत उठली. कळशी उचलली. दूरवर पारूबाईच्या शेळ्या चरत होत्या, आणि गंगम्मा पुन्हा तिच्या नेहमीच्या आवाजात बोलली, पारूबाईलाही ऐकू जाईल असं.

“आला तर माती टाकू दे त्याला. प्लॉट त्याचाच व्हता म्हणावं. पण माझ्या लिंगाला त्याला हात लावू देऊ नको.”